वाजवणार कोण?

आमच्या घरात दोन माणसे मराठी शिकवतात, आणि दोघांचीही उमेदीची वर्षे पोथ्यांचे पाठभेद लावण्यात गेलेली आहेत. त्यामुळे घरात एखादी जुनी वस्तू सापडली, की तिचे हस्तलिखित व्हायला फारसा वेळ लागत नाही. आजोबांचा पितळी डबा असो की पणजीची पाककृतींची वही, आम्ही ती आधी उजेडात धरतो, मग तीत खाडाखोड शोधतो, आणि वस्तू वापरण्याचा विषय बहुधा तिथेच संपतो. हा दोष आम्हांला ठाऊक होता. तो कोणत्या थराला जाऊ शकतो, हे एका गिटारीने दाखवून दिले.

गिटार आमच्यापैकी एकीच्या मामांची. मामा सोलापुरात विमा कंपनीत कारकून होते. 1968 साली मुंबईला गेले असता त्यांनी ही गिटार आणली, आणि पुढची चाळीसेक वर्षे तिच्यावर सिनेमातली गाणी आणि भावगीते वाजवली. वाजवली ती मात्र हवाईयन पद्धतीने. ज्यांनी गिटार फक्त छातीशी धरून छेडलेली पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हाताची बोटे तारा दाबत नाहीत. त्या हातात एक गुळगुळीत पोलादी कांब असते आणि ती तारांवरून सरकवीत स्वर काढायचे असतात. हा प्रकार हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि त्याचे श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू या शाळकरी वयातल्या मुलाला देतात. 1940 च्या दशकात ताऊ मो हा हवाईयन वादक कलकत्त्यात राहून गेला. पुढे व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजू लागल्या, आणि 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ब्रिजभूषण काब्रांनी हेच वाद्य शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या शेजारी बसवले. मिंडेवर पोसलेल्या आपल्या कानांना हे वाद्य परके वाटले नाही, यात नवल नाही.

मामांचा एक नियम होता. गाणे वाजवायचे तर आधी त्याचे शब्द पाठ पाहिजेत. कागदावरचे नोटेशन त्यांना चालत नसे. कांब कुठे सरकवायची आणि कुठे उचलायची हे शब्दच सांगतात, असे ते म्हणत. तेव्हा ते विशेष वाटले नव्हते. आज वाटते, की ते अगदी नेमके बोलत होते. तारेला स्वर असतात, व्यंजने नसतात. कांब क्षणभर उचलून किंवा तळहाताने तार किंचित दाबून मामा व्यंजनांची ती उणीव भरून काढीत, आणि म्हणूनच गणेशोत्सवात मंडपाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही गाण्याचे शब्द ऐकल्यासारखे वाटत.

2011 साली मामा गेले. घर आवरताना गिटार आमच्याकडे पुण्याला आली ती माळ्यावर गेली. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या मुलीला गिटार शिकण्याची लहर आली. नवी घ्यायची ती कशाला, घरात एक आहे, असे म्हणून आम्ही मोठ्या दिमाखात पेटी खाली काढली. तिने पहिला कॉर्ड धरून पाहिला. तार पडद्यापर्यंत पोचेचना. जोर केला तेव्हा पोचली, पण सूर भलतीकडे गेला आणि बोटांच्या टोकांवर चर उमटले. “ही बिघडलीये,” मुलगी म्हणाली. आम्हीही तेच म्हणालो, आणि ती दुरुस्त कोण करील याच्या शोधाला लागलो.

इथे मराठीची एक अडचण होते. गिटार, व्हायोलिन अशी तंतुवाद्ये घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाला युरोपात ल्यूथिए म्हणतात. शब्द फ्रेंच, ‘ल्यूत’ या वाद्यावरून आलेला, आणि ल्यूत हा मुळात अरबी ‘अल् ऊद’, म्हणजे चक्क लाकूड. आपल्याकडे असा शब्द नाही. म्हणजे माणूस नाही असे नव्हे. मिरजेत हे काम कैक पिढ्या चालत आले आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतले हात तंबोऱ्या-सतारींकडे वळले आणि त्यांचे आडनाव झाले ‘सतारमेकर’. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांच्या व्यवसायाला मराठीने अजून इंग्रजी शेपटीचेच नाव दिले आहे. असो. आम्हांला ज्यांचा पत्ता मिळाला त्यांच्या पेठेतल्या खोलीबाहेर ‘गिटार रिपेअर’ एवढीच पाटी होती. आम्ही त्यांना कारागीर म्हणू.

पन्नाशीचे गृहस्थ. भिंतीला टांगलेल्या निम्म्याअर्ध्या गिटारी, कानशींचा ढीग, आणि कोपऱ्यात मंद आचेवर पाण्यात ठेवलेले एक भांडे. आम्ही पेटी उघडून दोषांची यादी वाचू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवले आणि विचारले, “वाजवणार कोण?”

आम्ही मुलीकडे बोट दाखवले. “आणि आतापर्यंत कोण वाजवत होतं?” मग आम्ही मामांविषयी सांगितले. ते ऐकून त्यांनी गिटार उचलली, बुडाकडून डोळ्याशी धरली आणि बंदुकीचा नेम धरावा तसे दांडीवरून पाहिले. दांडीवर पोलादी पट्टी आडवी ठेवून तिच्याखालची फट मोजली. पोटात बारका दिवा आणि आरसा सोडला, बोटाच्या पेराने तबली ठिकठिकाणी वाजवली. एके जागी आवाज भद्द आला. शेवटी पडद्यांवरून नख फिरवून ते हसले. “पन्नास वर्षांची गिटार आहे, सर, पण पडदे बघा. कोरे आहेत. एक खाच नाही.”

असणार कशी? मामांची तार कधी पडद्याला टेकलीच नव्हती. हवाईयन वादनात पडदे म्हणजे वहीवरच्या रेघा. कांब कुठे धरायची ते डोळ्याला कळावे, एवढ्यापुरत्या. सूर कान ठरवतो. बोटाने वाजवायच्या गिटारीत मात्र पडदाच सूर ठरवतो, म्हणून त्याच्या जागेला गणित लागते. 1581 साली व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी (गॅलिलिओचे हे वडील, ल्यूत वाजवीत) उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजून एकेक पडदा बसवावा, असे लिहून ठेवले. आता अठराऐवजी 17.817 धरतात. पण हे गणित खरे ठरायचे तर तार पडद्यांच्या पुरेशी जवळ हवी. लांबून दाबली तर ती ताणली जाते आणि सूर चढतो. पितळी घुंडीची शिक्षा आमच्या मुलीने भोगली ती यामुळे.

घुंडी म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाची ती पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. मामांनी मूळची काढून तिथे सेंटिमीटरभर उंचीची पितळी पट्टी बसवून घेतली होती. कांब पडद्यांवर आदळू नये म्हणून. शिवाय सहा तारांचा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ताण पन्नास वर्षे सोसून दांडी पुढे वाकली होती. हल्लीच्या गिटारींत दांडीच्या पोटात एक सळई असते आणि चावीने तिचा ताण कमीजास्त करून बाक काढता येतो. गिब्सन कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यू यांनी त्या युक्तीचे पेटंट 1923 मध्ये मिळवले. मामांच्या गिटारीत ती सळई नव्हती.

“म्हणजे बरीच बिघडली आहे,” आम्ही म्हणालो.

“बिघडलीये कुठं? त्यांच्यासाठी ही सेटच होती. मांडीवर घेऊन कांब फिरवणाऱ्याला दांडीच्या बाकाशी काय करायचंय? एक आतली पट्टी सुटलीये तेवढी चिकटवायची.” मग ते म्हणाले, “मी पोरवयात मिरजेला होतो. तंबोऱ्याची जवारी काढायला शिकलो. घोडीचा माथा असा घासायचा, की तार त्याला हळूहळू टेकत गेली पाहिजे, तरच आवाजाला झणक येते. तिथं जी झणक येईना म्हणून मार खाल्ला, तीच इथं गिटारीत आली की लोक खरखर म्हणतात. आता ती काढायचे पैसे घेतो.”

हे ऐकून आम्ही घरी गेलो असतो तर लेख इथेच संपला असता. पण आम्हांला मुलीसाठी ती गिटार बोटांनी वाजण्याजोगी करून हवी होती, आणि त्याला काय लागेल हे त्यांनी सांगितले. घुंडी बदलायची ही किरकोळ गोष्ट. दांडीचा सांधा वाफेने सोडवून दांडी पुन्हा योग्य कोनात बसवावी लागेल. पडदे उपटून खालची लाकडी पट्टी रंध्याने सपाट करावी लागेल, मग नवे पडदे. खर्च गिटारीच्या बाजारभावाच्या दुपटीहून अधिक. “आणि हे जाईल,” असे म्हणून त्यांनी पट्टीवर बोट टेकवले.

‘हे’ म्हणजे अक्षरे. पडद्यांच्या मधल्या काळ्या लाकडावर पांढऱ्या तैलरंगाने, बारीक कुंचल्याने, डाळीएवढी अक्षरे काढलेली होती. दुसऱ्या पडद्यापाशी रे, चौथ्याला ग, पाचव्याला म, सातव्याला प, आठव्याला ध, अकराव्याला नी. बाराव्याला सा, त्याच्यावर एक ठिपका. रंग जागोजाग उडाला होता, त्यामुळे पेटी उघडल्यापासून ती आमच्या नजरेस आली नव्हती. ज्यांचा धंदाच अक्षरे वाचण्याचा, त्यांच्या नजरेस! पण एकदा दिसल्यावर आम्ही गिटार तशीच पेटीत घालून घरी आणली.

त्या आठवड्यात आम्ही काय काय केले ते सांगायला आज संकोच वाटतो. भिंगातून पाहिले, तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली, पातळ कागद ठेवून अक्षरे उतरवून काढली. मोकळी तार सा धरली, तर आठव्या पडद्यावर येतो तो कोमल धैवत. बाकी सगळे स्वर शुद्ध आणि धैवत तेवढा कोमल, म्हणजे नटभैरव! विमा कंपनीतला हा कारकून गणेशोत्सवात लोकांना गाणी वाजवून दाखवीत होता आणि वाद्यावर मात्र आपल्या आवडीचा राग लिहून ठेवीत होता. आमच्यापैकी एकाने तर ‘लोकप्रियतेचा मुखवटा’ असे काहीसे शीर्षकही योजले.

आणि मग प्रश्न आला तो आमच्या सरावाचा होता. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तीनशे वर्षे हातोहात फिरून प्रती बिघडल्या होत्या. त्यांनी त्या मिळवून पाठ निश्चित केला आणि यापुढे कुणी आपली ओवी तीत घालू नये, असे बजावून ठेवले. 1909 साली राजवाड्यांनी पाटांगणची पोथी छापली ती एकनाथांच्या आधीचा पाठ म्हणून. वर्गात आम्ही दोन्ही बाजू मांडतो. मनातून आमचा कल राजवाड्यांकडे, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. जुना पाठ हाती असता तो घासूनपुसून सुलभ का करावा? पण पैठणला ग्रंथ वाचायला बसलेल्यांना वाचता येईल अशी प्रत हवी होती, आणि आमची मुलगी रोज संध्याकाळी विचारीत होती, की गिटार कधी मिळणार.

कारागिरांनी मध्यम मार्ग काढून पाहिला. अक्षरांची पट्टी ऊब देऊन अख्खी सोडवायची, जपून ठेवायची आणि दांडीवर नवी चढवायची. “जुनं काम सरसानं केलेलं आहे, सुटेल. नंतर कुणाला परत बसवायची असली तर तीही बसेल.” कोपऱ्यातल्या भांड्यात होता तो सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला. आम्ही हा शब्द वर्गात इतका विशेषण म्हणूनच वापरतो, की त्याला वासही असतो हे विसरलो होतो. ते सहसा दुसरे काही वापरीत नाहीत. सुताराच्या पांढऱ्या गोंदाने सांधा पक्का होतो, पण पुढे उघडणाऱ्याला तो सरळ सोडवता येत नाही. आणि आपल्यामागे कुणीतरी हे उघडणारच आहे, असे धरून ते चालतात. मूळ प्रतीत शाईने न लिहिण्याची शपथ आम्हीही घेतलेली आहे. इतक्या सहजपणे ती आम्हांला सांगता आली नसती.

तरीही निर्णय होईना. अखेर परवानगी विचारावी म्हणून सोलापूरला गेलो. मामी ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात. आम्ही छायाचित्रे पुढे ठेवली, नटभैरवाचा शोधही सांगितला. मामींनी चष्मा लावून छायाचित्र पाहिले आणि म्हणाल्या, “हे माझं अक्षर आहे.”

मामा साडेनऊला कचेरीत जात, मुले अकराला शाळेत. मग मामी पेटी उघडत. मामांचे वाजवणे वर्षानुवर्षे ऐकून गाणी कानात होती, पण हात कुठे न्यायचा ते कळेना. म्हणून दाराच्या रंगातला उरलेला पांढरा घेऊन त्यांनी ही अक्षरे काढली. दुपारी गिरणीचा भोंगा झाला, की गिटार परत पेटीत. आणि मामांना ही अक्षरे दिसली नाहीत? “दिसली असतील की. एकदा नवी कांब आणली होती त्यांनी. जुनी पेटीतच ठेवली, टाकली नाही.” यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, पोहे करायला उठल्या.

परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. कर्तृत्वाचा प्रश्न निकालात निघाला होता आणि एक शीर्षक वाया गेले होते. एवढे होऊनही सवय जाईना. आमचा नटभैरव आम्ही निमूटपणे मामींच्या नावावर वर्ग केला. पण कारागिरांच्या पहिल्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर पुरेसे नव्हते, एवढे पुणे येईपर्यंत कळले.

गिटारीला रंधा लागला नाही. सुटलेली पट्टी सरसाने चिकटवली, खुंट्यांच्या चाव्यांना तेल दिले, तारा नव्या. पितळी घुंडी साफ केली, पण जागची हलवली नाही. मुलीसाठी त्यांच्याकडचीच एक जुनी, प्लायवुडची गिटार घेतली आणि तिच्यावर मात्र त्यांनी अख्खी दुपार घालवली. आम्ही स्टुलावर बसून पाहत होतो. आधी सळईला पाव फेरा. मग प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर मार्करची काळी शाई फासली आणि लांब सपाट कानस सगळ्यांवरून एकदम फिरवली; जिथली शाई उडाली तो पडदा उंच, जिथली राहिली तो बसका. सगळ्यांची शाई सारखी उडेपर्यंत हे चालले. मग सपाट झालेला प्रत्येक माथा पुन्हा गोल केला. घुंडीच्या खाचा केसाकेसाने खोल केल्या, घोडीवरचे हाड खालून घासले. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटर, बारीक तार दोन. मध्येच ते मुलीला बोलावून वाजवायला लावीत आणि तिच्या तोंडाकडे नव्हे, बोटांकडे पाहत. ती जोरात छेडते हे पाहून त्यांनी तारा पुन्हा किंचित वर घेतल्या. ही गिटार आता तिला बसते. तिच्या मैत्रिणीला ती जड जाते म्हणे.

मामांची गिटार आम्ही दिवाळीत सोलापूरला नेली. मामींनी पलंगावर बसून ती मांडीवर आडवी घेतली. बोटे आता वाकडी झाली आहेत, पण कांब धरायला बोटे सरळ लागत नाहीत. पेटीतली जुनी कांब त्यांनी मागितली. पहिली ओळ आली. दुसरीत एके ठिकाणी कांब नवव्या पडद्यावर गेली. आमच्या मुलीने अक्षराकडे बोट दाखवले, “आजी, ध तर इथे आहे, आठव्यावर.”

“ते चुकलंय,” मामी न थांबता म्हणाल्या. “एक पडदा अलीकडं पडलं. लिहिलं त्याच दिवशी कळलं होतं, पण रंग वाळला होता.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. कारागीर तेवढे एक अक्षर हलक्या हाताने पुसून पुढच्या पडद्यावर काढून देतील, असे आम्ही मामींना सुचवले.

“राहू दे की,” मामी म्हणाल्या. “मला माहीत आहे ना कुठं चुकलंय ते.” आणि कांब उचलून त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.